मणका ‘सरकला’ म्हणजे काय झालं?

मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, पाठीला झटका दिला की कट्‌ असा आवाज येतो आणि बरं वाटतं. हे शास्त्र की हातचलाखी?” आज आपण या प्रश्नाकडे इतिहासाच्या वाटेनं जाऊ. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, हे आधीच सांगून ठेवतो. पाठ दाखवायला कृपया आमच्याकडे येऊ नये.

सप्टेंबर १८९५. अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी डॅव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ चुंबकोपचार करीत असे, म्हणजे हात फिरवून रोग काढीत असे. त्याच इमारतीत झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड सतरा वर्षं जवळजवळ बहिरा होता. वाकून जोर लावताना पाठीत काहीतरी निसटलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो म्हणाला. पामरने वर आलेला मणका हाताने दाबून बसवला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं. ही झाली पामरची हकीकत. लिलार्डच्या मुलीने पुढे निराळीच सांगितली: गप्पांच्या ओघात पामरने वडिलांच्या पाठीत पुस्तक हाणलं, आणि त्यानंतर कान सुधारले!

अडचण अशी की कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूत जाते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही. मग घडलं ते काय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली का? आज ते तपासायला आपल्याकडे साधन नाही. पण पामरने त्या एका घटनेवर आख्खी इमारत उभी केली. एका पाद्रीमित्राने ग्रीक शब्द जोडून ‘कायरोप्रॅक्टिक’ हे नाव सुचवलं. अर्थ, हाताने केलेलं. सरकलेला मणका नस दाबतो, नसेतून वाहणारी शरीराची उपजत प्रज्ञा अडते, म्हणून रोग होतो, आणि शंभरातले पंच्याण्णव रोग असेच होतात, हे त्याचं प्रतिपादन. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटते. प्राणशक्ती मानणारे सगळेच थोडेफार असं बोलतात.

१९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याच्या आरोपावरून पामर तुरुंगात गेला. गंमत पाहा, त्याच वर्षी चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाचा मज्जासंस्थेवरचा मोठा ग्रंथ निघाला. स्नायूंच्या आत ताण मोजणारे ग्राहक असतात, ते मज्जारज्जूला सतत निरोप पाठवतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारताच स्नायूंना उलट हुकूम देतो, ही मांडणी शेरिंग्टनने पक्की केली. पामरच्या झटक्याचं खरं उत्तर या बाजूला होतं. या दोन वाटा जवळ यायला मात्र सात-आठ दशकं लागली.

दरम्यान १९७३ साली येल विद्यापीठाच्या एडमंड क्रेलिनने मृत्यूनंतर काही तासांत काढलेले कणे यंत्रात धरून पिळून पाहिले. कणा मोडायच्या बेताला येईपर्यंत मणका नसेला दाबेना. पामरचं कारण तिथेच पडलं, असं आम्हाला वाटतं. मात्र मेलेल्या कण्यात प्रतिक्षिप्त क्रिया नसते, हा आक्षेपही रास्तच आहे.

तो भाग पाहिला कॅनडात, कॅल्गरीला, वॉल्टर हेर्झोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जिवंत माणसाच्या पाठीवर विद्युतअग्रं लावून त्यांनी झटका दिला. सुमारे ५० ते २०० मिलिसेकंदांत पाठीचे स्नायू, कधी हातापायांचेही, क्षणभर जागे झाले. झटक्याने स्नायूंतले आणि सांध्यांतले ग्राहक एकदम चाळवतात, त्याला मज्जारज्जूने दिलेलं हे उत्तर. आणि तो कट्‌ आवाज? १९७१ साली लीड्सच्या संशोधकांनी बोटांच्या सांध्यावर दाखवलं होतं की सांधा ताणला की आतल्या द्रवात वायूची पोकळी होते, आवाजाचा संबंध तिच्याशी. हेर्झोगच्या गटाला आढळलं की सावकाश दाबूनही आवाज निघतो, पण स्नायू जागे होत नाहीत. म्हणजे काम करतो तो वेग.

आपल्या नैयायिकांनी याला छान शब्द ठेवलाय, ‘अन्यथासिद्ध’. कुंभाराकडे माती गाढवाने आणली, म्हणून गाढव घटाचं कारण ठरत नाही. कट्‌ आवाज हे ते गाढव.

पण या क्षणिक प्रतिसादातून दुखणं किती कमी होतं? २०१७ साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नव्या कंबरदुखीत सहा आठवड्यांपर्यंत माफक फायदा दिसला. माफक, हा शब्द लक्षात ठेवा. बहिरेपणा, दमा वगैरेंसाठी तसा आधार नाही. मानेचं प्रकरण वेगळं. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या मणक्यांना लागून असतात. झटक्यानंतर धमनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. विरळा, पण आहेत.

काही वर्षांपूर्वी आमची मान अवघडली होती. एका उपचारकांनी “मणका सरकलाय” म्हणून ती झटक्यात वळवली. धमन्यांबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दोन दिवस बरं वाटलं, हे कबूल. त्यानंतर पाठ दोनदा कुणाच्या हाती दिली आहे. मान नाही.