कातड्याची सुरी, मांसाची सुरी

उत्तर अमेरिकेच्या इतिहासात ज्या सुरीचे नाव सर्वांत अधिक गाजले ती माणसांच्या झटापटीत गाजली. 19 सप्टेंबर 1827 रोजी नॅचेझ शहराजवळ, मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या मारामारीत जेम्स बोवी याने आपली भली थोरली सुरी चालविली, त्या प्रसंगाची वर्णने वर्तमानपत्रांतून देशभर पसरली आणि पुढील काही वर्षांतच इंग्लंडमधील शेफील्डचे कारखानदार तसल्या सुऱ्या, पात्यांवर वीरश्रीची वाक्ये कोरून, जहाजे भरभरून अमेरिकेस रवाना करू लागले. परंतु ज्या सुरीने त्या खंडातील लक्षावधी माणसांचे पोट आणि वस्त्र चालविले, वखारी उभ्या केल्या आणि पर्यायाने मुलुखच्या मुलुख एका हातातून दुसऱ्या हातात नेले, ती हरीण सोलण्याची साधी सुरी मात्र इतिहासकारांच्या दृष्टीस क्वचितच पडते. या सुरीच्या आकाराकडे नीट पाहिले तर मनुष्याने हरणाकडून कोणत्या काळी काय घेतले याचा दाखला तिच्या पात्यातच मिळतो, असे माझे मत आहे, आणि तेच येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरोलिना वसाहतीतील चार्ल्सटन बंदरातून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची कातडी इंग्लंडला जाऊ लागली. 1699 ते 1715 या काळात दरसाल सरासरी सुमारे 54,000 कातडी तेथून निघत होती. हरणाचे कातडे मऊ, लवचीक आणि तरीही चिवट. त्याच्या विजारी, हातमोजे आणि पुस्तकांच्या बांधण्या होत. त्यात अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात गुरांवर मोठा रोग पडून तिकडील चामड्याचा पुरवठा आटला, तेव्हा तर या मालाला मागणीचा पूर आला. जॉर्जियातील ऑगस्टा हे ठाणे 1736 च्या सुमारास वसले ते मुख्यतः याच व्यापारासाठी. क्रीक आणि चेरोकी हे तेथील मूळचे लोक जंगलातून कातडी आणीत आणि मोबदल्यात बंदुका, दारूगोळा, लोकरीचे कापड, कुऱ्हाडी आणि सुऱ्या नेत. हा व्यवहार बहुतांशी उधारीवर चाले आणि उधारी हरणांच्या पैदाशीपेक्षा वेगाने वाढे. अखेर 1773 मध्ये ऑगस्टा येथे झालेल्या तहात, व्यापाऱ्यांच्या खतावण्यांतील देणे फेडण्याकरिता, क्रीक आणि चेरोकी यांना वीस लाख एकरांहून अधिक जमीन लिहून द्यावी लागली. आपल्याकडील सावकारी दस्तऐवजांचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांना त्या तहाची रीत अनोळखी वाटणार नाही.

या व्यापारात कातडे हेच नाणे होते. त्याची किंमत वजनावर आणि प्रतीवर ठरे, आणि सोलताना पडलेले एक भोक सबंध नगाचा दर्जा उतरवी. लोखंड येण्यापूर्वी या लोकांची भिस्त गारगोटीच्या कपच्यांवर असे, आणि ताज्या कपचीची धार उत्तम पोलादालाही लाजवील इतकी तीक्ष्ण असते. सोलल्यानंतर मांसाचा आणि केसांचा अंश खरवडण्यासाठी ते हरणाच्याच पायाचे हाड तासून वापरीत आणि कातडे कमावण्यासाठी त्याच जनावराचा मेंदू चोळीत. पोलादी सुरीने लाभ झाला तो धारेचा नव्हे, टिकाऊपणाचा. कपची मोडली की टाकावी लागते, पाते मात्र दगडावर घासले की पुन्हा उभे राहते. पण ही सोयच धोक्याचीही होती, कारण टोकदार पाते कातड्याच्या आतल्या अंगाने फिरविताना किंचित कलले तरी आरपार जाते. म्हणून जाणता माणूस सुरी चालवी ती केवळ पहिल्या उभ्या छेदापुरती आणि जेथे कातडे मांसाला घट्ट धरून बसलेले असते तेवढ्याच जागी. बाकीचे काम मुठीने, कातडे आणि मांस यांच्यामध्ये हात घालून आणि ओढून होई.

सोलण्याच्या सुरीचे रूप या कामातून सिद्ध झाले. तिचे पाते रुंद आणि पातळ असते, धारेची बाजू एखाद्या होडीच्या तळासारखी गोलावत वर चढते, आणि टोक कामाच्या जागेपासून दूर, मागे वळलेले राहते. मनगट फिरविले की त्या गोलाईचा एकेक भाग पाळीपाळीने कातड्याला लागतो, टोक रुतत नाही आणि लांबलचक फटकाऱ्यात एक वीतभर कातडे मोकळे होते. या रूपाला कारखान्यात स्थिर आकार देऊन ते स्वस्तात घरोघर पोहोचविण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल त्यांत मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्डच्या जॉन रसेलचे नाव फार वरचे आहे. तरुणपणी जॉर्जियात कापसाच्या व्यापारात पैसा करून तो गावी परतला आणि 1834 च्या सुमारास त्याने सुऱ्यांचा धंदा मांडला. 1836 मध्ये कारखाना आगीत भस्म झाला. त्याने ग्रीन नदीच्या काठी तो पुन्हा उभारला आणि नदीचेच नाव पात्यावर उठविले. शेफील्डमध्ये जे काम कारागीर पिढीजात कसबाने हातघणावर करीत, ते रसेलने पाण्याच्या बळावर चालणाऱ्या घणांवर आणि ठशांवर आणले, आणि खास कसबाच्या जागी त्याच शेफील्डहून चांगला पगार देऊन माणसे बोलाविली.

येथे एका रूढ समजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. पश्चिमेकडील डोंगरांत फासे लावून बीव्हर पकडणारे लोक, ज्यांचे वार्षिक मेळे 1825 ते 1840 या काळात भरत आणि त्यांतील काही वायोमिंगमधील ग्रीन नावाच्याच दुसऱ्या एका नदीकाठी भरत, ते सर्व रसेलच्याच सुऱ्या बाळगीत, अशी कथा तिकडे आवडीने सांगतात. अखेरचा मेळा भरला तेव्हा रसेलचा कारखाना सहा वर्षांचाही जेमतेम होता. त्या लोकांच्या कमरेला बहुतांशी शेफील्डच्या साध्या खाटीककामाच्या सुऱ्या असत. रसेलची खरी सद्दी त्यानंतरची, पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतवाल्यांच्या आणि रानगव्यांच्या कत्तलीच्या काळातील होय. त्याच्या सुरीत दिखाऊ असे काहीच नव्हते: साधे कार्बनयुक्त पोलाद, जे रक्त लागताच निळसर काळे पडे आणि पुसून तेलाचा हात न दिल्यास गंजे, पण नदीकाठच्या गोट्यावरही धार घेई, लाकडाच्या दोन फळ्या आणि त्यांना आरपार धरणाऱ्या पिना, एवढीच मूठ.

परंतु हरणे उरली नाहीत. 1900 च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणे अवघी पाच लाखांच्या आत राहिली होती, असा अंदाज आहे. त्याच वर्षी लेसी कायदा मंजूर होऊन बेकायदा मारलेल्या वन्य पशुपक्ष्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा व्यापार बंद झाला. राज्याराज्यांनी परवाने, हंगाम आणि मर्यादा घातल्या, आणि हरणे पुन्हा वाढली. आपल्या देशाने 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दारच लावून घेतले. तिकडे ते अरुंद करून ठेवले. या फेरबदलाने शिकाऱ्याचा हेतूच पालटला. आता त्याला वर्षाकाठी एखादे हरीण मिळे. कातडे बहुधा बाजारात जात नसे, कित्येकदा टाकूनच दिले जाई. आणि मोल राहिले ते मांसाला.

मांसाचा शत्रू उष्णता. हरीण पडले की त्याच्या पोटातील ऊब मांस नासवू लागते, म्हणून तेथेच, रानात, पोट उघडून आतडी काढावी लागतात. या कामात धोका कातड्याला भोक पडण्याचा नसतो. कोथळा किंवा मूत्राशय फुटून मांस विटाळण्याचा असतो. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स, जो ‘नेसमक’ या टोपणनावाने लिही, त्याने 1884 च्या आपल्या ‘वुडक्राफ्ट’ या ग्रंथात जाड, मोठ्या, कट्यारीसारख्या सुऱ्यांवर कोरडे ओढून पातळ पात्याच्या लहान सुरीची बाजू घेतली, हे त्याच्या दृष्टीचे मोठेपण. तरी त्याच्या सुरीला गोलावलेले रुंद पोट होते. तिचा अर्धा जीव अजून कातड्यातच गुंतलेला होता.

पुढचे पाऊल पडले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. बॉब लव्हलेस नावाचा व्यापारी जहाजावरील एक खलाशी न्यूयॉर्कच्या एका नामांकित दुकानात फ्लोरिडातील रँडल यांच्या हातघडणीची सुरी घेण्यास गेला. तीस कित्येक महिने लागतील असे कळताच त्याने भंगारातील जुन्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग मिळवून जहाजाच्या मुदपाकखान्यातील शेगडीवर स्वतःची सुरी घडविली. त्याने पुढे जो आकार लोकमान्य केला त्यात पात्याची पाठ अलगद खाली उतरते आणि टोक जवळजवळ मध्यरेषेवर येते. पोट उघडताना धार वर करून पाते धरावयाचे, डाव्या हाताची दोन बोटे आत घालून कातडे उचलावयाचे आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यातून टोक पुढे सरकवावयाचे. टोक पाठीच्या रेषेपासून धारेच्या बाजूस राहिल्याने ते कोथळ्यात घुसत नाही, आणि छेद आतून बाहेर पडल्याने केस कापले जाऊन मांसावर पडत नाहीत, धारही बोथटत नाही. चार इंचांच्या आतील पाते याला पुरेसे होते.

लव्हलेसच्या सुऱ्या आज हौशी संग्राहकांच्या कपाटांत हजारो डॉलर किमतीने बंदिस्त आहेत, आणि त्यांची घडण पाहता ती किंमत मला अवाजवी वाटत नाही. पण या दोहोंतून एक निवडावयाची झाल्यास मी रसेलची निवडीन; कारण तिचा आकार कोणा एका प्रतिभावंताचा नसून ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात उतरली नाहीत अशा सोलणाऱ्यांच्या मनगटांनी तो ठरविला होता, आणि ती ज्याला विकत घ्यावयाची असे त्याच्या मजुरीत बसत होती. रसेलचा कारखाना 1933 मध्ये साउथब्रिजच्या हॅरिंग्टन कंपनीत विलीन झाला. मॅसॅच्युसेट्समधील त्याच गावी ग्रीन नदीचे नाव धारण करणारी पाती आजही निघतात, आणि ज्याला मूठ आपल्या हाताच्या मापाने बसवावयाची असेल त्याला ती बिनमुठीचीही विकत मिळतात.