तिथि, तारीख आणि छायाचित्र

इतिहासाचीं साधनें कोणतीं, असें विचारलें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी, कागदपत्रें हीं नांवें चटकन् ओठांवर येतात. छायाचित्राचें नांव या यादींत अगदीं शेवटीं येतें, आणि पुष्कळदां येतही नाहीं. याचें कारण उघड आहे. ताम्रपटावर दात्याचें नांव असतें, तिथि असते, दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा असतात. छायाचित्रावर यांतलें कांहींच नसतें. मान्यखेटाहून राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट राजांनीं आपल्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हें बिरुद मिरविलें, आणि त्या एका शब्दानें लातूरचें नांव हजार वर्षांहून अधिक काळ जतन झालें. त्या काळच्या लातूरचें चित्र कोणापाशीं नाहीं. पण नांव आहे. आजच्या लातूरचीं चित्रें अगणित आहेत. त्यांपैकीं कितींच्या पाठीवर नांव सांपडेल?

या प्रश्नाचा विचार करण्यास इ. स. २००८ हें वर्ष विशेष सोयीचें आहे. त्या एका वर्षांत नांदेड आणि लातूर या दोन शेजारच्या शहरांत नित्याचे उत्सव तर आलेच. शिवाय तीन मोठ्या स्मृतींचीं आवर्तनें एकत्र आलीं. हैदराबाद संस्थानच्या मुक्तीला ६० वर्षें पुरीं झालीं, किल्लारीच्या भूकंपाला १५ वर्षें झालीं, आणि गुरु गोविंदसिंगांनीं नांदेड येथें ग्रंथसाहेबांस गुरुपद दिलें, त्याला ३०० वर्षें भरलीं. कॅमेऱ्याच्या दृष्टीनेंही तो काळ संधिकालच होता. फिल्मचा जमाना मावळत होता, डिजिटल कॅमेरा स्टुडिओंतून व वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून स्थिरावला होता, आणि खिशांतल्या मोबाईललाही डोळा फुटूं लागला होता. त्या वर्षाच्या मिरवणुका आणि सभा जितक्या हातांनीं टिपल्या, तितक्या हातांनीं पूर्वीं क्वचितच टिपल्या गेल्या असतील.

पूर्वींची स्थिति फार निराळी होती. निजामी राज्यांत छायाचित्रकलेची उणीव नव्हती. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्यासारखा अव्वल दर्जाचा छायाचित्रकार सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरीं होता, आणि १८९४ सालीं त्याला ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला. दरबार, शिकारी, महाल, पाहुण्या गव्हर्नर-जनरलांचीं स्वागतें, सारें त्याच्या कांचेवर उतरलें. राजाचा समारंभ असा टिपला गेला. परंतु त्याच राज्यांत पुढें जी लोकांची चळवळ झाली, तिच्या वांट्याला असें भाग्य आलें नाहीं. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह १९३८ चा. नांदेड जिल्ह्यांत अर्जापूर येथें गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती १९४६ सालीं. उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनीं लुटली ती ३० जानेवारी १९४८ रोजीं, म्हणजे दिल्लींत महात्माजींचा खून झाला त्याच दिवशीं. अशा कामांत छायाचित्रकार बरोबर नेण्याची कोणाला सोय होती? भूमिगत कार्यकर्त्याचा फोटो म्हणजे पोलिसांच्या हातीं आयता दिलेला पुरावा. ज्यांनीं आपली ओळख जिवापाड लपविली, त्यांच्या कर्तृत्वाची चित्रें मागें कशीं राहावीं? रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याचीं चित्रें सहज मिळतात. त्याच्याविरुद्ध लढलेल्या खेड्यापाड्यांतील माणसांचीं मिळत नाहींत.

म्हणूनच उत्सव आणि स्मृतिदिन यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. उत्सवाच्या दिवशीं कॅमेऱ्यापुढें प्रत्यक्ष घटना असते. यंदाचा गणपति यंदाच बसतो आणि यंदाच विसर्जित होतो. स्मृतिदिनीं मूळ घटना समोर नसते. समोर असतात ती आठवण काढणारीं माणसें. उत्सव दर वर्षीं नवा होऊन येतो, तर स्मृतिदिन दर वर्षीं एकेका साक्षीदाराला मुकतो.

दुसरा भेद पंचांगाचा आहे. उत्सव बहुधा तिथीनें येतात, अलीकडचे स्मृतिदिन तारखेनें. २००८ सालच्या चित्रांत हा घोटाळा पावलोपावलीं दिसतो. त्या वर्षांत हिजरी सन दोनदां आरंभला. १४२९ चा मोहरम जानेवारींत आला आणि १४३० चा डिसेंबर संपतां संपतां. नुसतें ‘मोहरम २००८’ असें लिहिलेलें चित्र त्यामुळें अर्धेंच बोलतें. संक्रांत सूर्याच्या गतीनें चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीच्या पलीकडे सहसा सरकत नाहीं. त्याच सुमारास, १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन येतो. १९७८ च्या ठरावानंतर सोळा वर्षें चाललेल्या लढ्याचें फळ १९९४ च्या त्या दिवशीं पदरांत पडलें. तत्पूर्वीं दोनच महिने आधीं, नोव्हेंबर १९९३ मध्यें, गौतम वाघमारे यांनीं नांदेडांत आत्मदहन केलें होतें. एका घरांत तिळगूळ वाटला जात असतां शेजारच्या वस्तींत हुतात्म्याच्या तसबिरीला हार घातला जातो. दोन्ही चित्रें एकाच दिवसाचीं. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे.

मार्चमध्यें महाशिवरात्रीला लातूरचें ग्रामदैवत सिद्धेश्वर याची यात्रा भरली, आणि त्याच महिन्यांत नांदेडांत होला-महल्ल्याचा हल्लाबोल झाला. हल्लाबोलाचें चित्र घेणें सोपें नाहीं. शस्त्रें उगारून जयघोष करीत धांवणारा जमाव डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुढें निघून जातो, आणि चित्रांत बहुतेक चेहरे पुसट येतात. छायाचित्रकाराचें सारें लक्ष अर्थातच घोड्यांकडे, निशाणाकडे आणि उपसलेल्या तलवारींकडे असतें. इतिहासाचें लक्ष मात्र कालांतरानें त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे जातें. त्रिशताब्दीच्या निमित्तानें जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखालीं नांदेडचे रस्ते रुंद झाले, नदीकांठीं घाटांचें काम झालें, विमानतळ नवा झाला. ज्या अरुंद रस्त्यांतून पूर्वींची मिरवणूक जात असे, ते रस्ते आतां मिरवणुकीच्या जुन्या चित्रांतच पाहावे लागतात. लातूरच्या गंजगोलाईचीही हीच कथा. सोळा रस्ते जेथें मिळतात, त्या वर्तुळाकार पेठेच्या मध्यभागीं जगदंबेचें मंदिर आहे. नवरात्रांतल्या गर्दीच्या चित्रांत दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब, हातगाड्या, बायकांच्या लुगड्यांची तऱ्हा हीं सारीं न बोलावतां येऊन बसतात. देवीची मूर्ति तीच राहते, पाट्या बदलतात. शहराचा इतिहास पाट्यांत असतो.

एप्रिलांत डॉ. आंबेडकरांची जयंती आणि वैशाखांत अक्षय्यतृतीयेला महात्मा बसवेश्वरांची जयंती होऊन गेली. पहिली तारखेनें, दुसरी तिथीनें. आणि मग पावसाळा सरतां सरतां सप्टेंबर आला. मराठवाड्याच्या स्मृतीचा हा सर्वांत जड महिना.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या, आणि १७ सप्टेंबरला निजामानें शस्त्रसंधि जाहीर केला. त्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. एकीकडे गणपतीचें विसर्जन आणि दुसरीकडे एका राजवटीचा अस्त, असा तो योग होता. पंचेचाळीस वर्षांनीं, १९९३ सालीं, अनंतचतुर्दशी २९ सप्टेंबरला आली. लातूर-उस्मानाबाद भागांतलीं गांवें विसर्जन आटोपून झोंपीं गेलीं, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूमि हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचीं जड छपरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें १०,००० माणसें दगावलीं. ५२ गांवें पूर्णतः नवीन जागीं वसवावीं लागलीं. मराठवाड्याचा सर्वांत मोठा आनंद आणि सर्वांत मोठा शोक हे दोन्ही गणेशविसर्जनाशीं बांधलेले आहेत. परंतु लोकांनीं ते तारखेनें ध्यानांत ठेविले, आणि गणपति तिथीनें येत राहिला. जे दिवस एकत्र जन्मले, त्यांची अशी ताटातूट झाली. २००८ सालीं विसर्जन १४ सप्टेंबरला झालें, मुक्तिदिन तीन दिवसांनीं आला, आणि किल्लारीच्या स्मृतिस्तंभाशीं लोक जमले तो ३० सप्टेंबरचा दिवस नेमका घटस्थापनेचा निघाला. इकडे घट बसत होते, तिकडे मृतांना फुलें वाहिलीं जात होतीं.

या दोन स्मृतिदिनांच्या चित्रांत काय दिसतें? १७ सप्टेंबरच्या चित्रांत ध्वज, पोलिसांची मानवंदना, व्यासपीठ आणि पहिल्या रांगेंत खादीच्या कपड्यांतील वृद्ध माणसें. १९४८ सालीं जो तरुण अठरा वर्षांचा होता, तो २००८ सालीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता. स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्येंच गेले. हीरक महोत्सवाच्या चित्रांतली ती पहिली रांग म्हणजे तरुणपणीं ज्यांचा फोटो निघूं शकला नाहीं, त्यांचा म्हातारपणीं निघालेला फोटो होय. चित्र स्वच्छ आहे, चेहरे स्पष्ट आहेत. आणि तरीही पाहणारा विचारतो, हे कोण? व्यासपीठावरच्या मंत्र्यांचीं नांवें दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत छापून येतात. रांगेंतल्या माणसांचीं येतातच असें नाहीं.

किल्लारीच्या बाबतींत तोटा याहून खोल आहे. घरें कोसळलीं तेव्हां घरांतल्या भिंतींवरच्या तसबिरी आणि पेट्यांतले लग्नाचे फोटोही मातीखालीं गेले. वांचलेल्या मुलापाशीं आईचा चेहरा उरला तो केवळ आठवणींत. अशा घरांना एखाद्या यात्रेंत, एखाद्या मिरवणुकींत परक्यानें सहज घेतलेलें चित्र लाखमोलाचें ठरलें असतें. पण त्याकरितां त्या चित्रावर गांवाचें नांव असावयास हवें होतें. भूकंपांत ज्याचा चेहरा हरपला आणि मुक्तिसंग्रामांत ज्याचें नांव हरपलें, अशा दोघांनाही एकाच गोष्टीची गरज होती. चेहरा आणि नांव यांची गांठ कोणीतरी वेळीं घालून ठेवावयास हवी होती.

दसरा झाला, दिवाळी झाली, आणि तिला लागूनच कार्तिकाच्या शुद्ध पक्षांत नांदेडांत गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा भरास आला. इंग्रजी गणनेनें गुरु गोविंदसिंग ऑक्टोबर १७०८ च्या आरंभीं निवर्तले. पण गुरुद्वाऱ्याचें स्मरण तिथीनें चालतें, म्हणून सोहळा दिवाळीनंतर आला. महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविलेल्या सचखंड हुजूरसाहेबाच्या दर्शनास देशोदेशींचे लाखो यात्रेकरू गोदाकांठीं लोटले. त्यानंतर महिना लोटतो न लोटतो तोंच मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, आणि डिसेंबरांत मुख्यमंत्रिपद लातूरच्या विलासराव देशमुखांकडून नांदेडच्या अशोकराव चव्हाणांकडे आलें. तारीख नसलेल्या चित्रांतली मधली खुर्ची पाहून उद्यांचा अभ्यासक म्हणेल, हें चित्र डिसेंबरापूर्वींचें, हें नंतरचें. मधल्या खुर्चीवरून काळ ठरवितां येतो. मागच्या रांगेंतल्या माणसाचें नांव मात्र कोणत्याही तर्कानें ठरत नाहीं.

निजामी अमलांतल्या कारकुनानेंही कागदावर फसली सन टाकल्यावांचून दौत बाजूला सारली नाहीं. त्यांत सुमारें ५९० मिळविले कीं इसवी सन निघतो. १३५७ फसली दिसतांच जाणता माणूस ओळखतो, हें १९४७-४८ चें. एवढी शिस्त छायाचित्रालाही पुरे आहे. कागदी चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें दिवस, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे माणसांचीं नांवें लिहावीं; शाई पाझरते, बॉलपेन उमटून पुढच्या बाजूस वळ उठतो. मोबाईलमधल्या चित्राची पाठच नसते, म्हणून त्याची निवड करून, नांवें जोडून, तें दोन ठिकाणीं तरी ठेवावें. यंत्र तारीख आपोआप नोंदवितें खरें. पण तिथि आणि माणूस त्याला ठाऊक नसतात.

१९४८ सालच्या त्या अठरा वर्षांच्या तरुणांपैकीं जे कोणी हयात असतील, ते आतां शंभरीच्या घरांत आहेत. २००८ च्या हीरक महोत्सवाचे फोटो नांदेड-लातूरच्या घरोघरीं आणि स्टुडिओंच्या कपाटांत पडून आहेत. पहिल्या रांगेंतल्या माणसांना ओळखणारे मुलगे, सुना, शेजारी अद्याप आहेत. येत्या १७ सप्टेंबरला हार घालण्यापूर्वीं तो जुना फोटो बाहेर काढून त्यांच्यापुढें धरावा, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारावें, हे कोण, कोणत्या गांवचे? जें उत्तर मिळेल तें त्याच बैठकींत लिहून ठेवावें.