मेंदूतील घातक गाठी : निदान व उपचार

 

मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमा ही गाठ लहान मेंदूत होते. सकाळी डोके दुखणे, उलट्या, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे. ही लक्षणे पित्ताची समजून दिवस घालवणे घातक ठरते. एमआरआयमध्ये गाठ दिसते. नेमका प्रकार मात्र काढलेल्या ऊतीच्या व जनुकीय तपासणीतूनच ठरतो. शस्त्रक्रियेनंतर मेंदू व मणक्याला किरणोपचार आणि रसायनोपचार देतात. तीन वर्षांखालील बाळांना किरणे शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूला इजा होते.

प्रौढांतील ग्लिओब्लास्टोमा अधिक चिवट. किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेल्याचे २००५ मधील चाचणीत दिसले.