खजिन्याचे कुलूप आणि हौशी हात

1818 साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, आणि त्याच वर्षी विलायतेत चब नामक कारागिराने असे कुलूप सिद्ध केले की, परकी किल्ली वा आकडा घालून कोणी खटपट केल्यास आतील तरफ अडकून राहावी व त्या आगळिकीची वर्दी मालकास आपोआप मिळावी. पुढल्याच वर्षी कप्तान ब्रिग्जने धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे केले. कचेरीपाठोपाठ खजिना आला आणि कालांतराने दुहेरी कुलपाचा शिरस्ताही रूढ झाला : एक किल्ली अंमलदारापाशी, दुसरी खजिनदारापाशी, आणि दोघे समक्ष हजर असल्यावाचून दार उघडावयाचे नाही. या बंदोबस्तात लोखंडापेक्षा माणसांच्या परस्पर अविश्वासावरच सरकारची भिस्त अधिक होती, असे मला वाटते.

रयतेच्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंतीपेक्षा कुलूपच मजबूत, तेव्हा चोर कुलपाच्या वाटेस न जाता भिंतीस भोक पाडी. मृच्छकटिकातला शर्विलक तरी दुसरे काय करतो? सरकारी खजिन्याचीही गोष्ट तीच. 1857 साली खाज्या नाईकाने सेंधव्याच्या बाजूस सुमारे सात लाखांचा ऐवज लुटला, आणि 14 एप्रिल 1944 रोजी प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारला जाणारा साडेपाच लाखांचा खजिना चिमठाण्याजवळ ताब्यात घेतला, तो दोन्ही वेळा भर रस्त्यात, जेथे दुहेरी कुलपाची मात्रा चालत नाही.

कुलपाशी सरळ झुंज घेण्याचा मान हॉब्ज या अमेरिकनाचा. 1851 च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी त्याने चबचे कुलूप 25 मिनिटांत उघडले आणि दोनशे गिनींची पैज लागलेले ब्रामाचे कुलूप 16 दिवसांत मिळून 51 तास खपून, मालकाच्या संमतीने आणि पंचांच्या देखरेखीखाली उघडले. आपल्याकडे 1897 साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागेला कुलपांचा कारखाना काढला. पण उघडण्याची विद्या राहिली ती बाजारातल्या चावीवाल्यापाशीच. तो कोरी किल्ली कुलपात घालून हलकेच पिळतो, बाहेर काढून उजेडात तिरपी धरतो आणि पितळेवर जेथे बारीक ठिपका उमटला असेल तेथेच कानस फिरवतो. किल्लीवाचून कुलूप उघडू पाहणाऱ्या हौशी माणसाचे कामही याच तत्त्वावर चालते : आतील खिळ्यांची भोके कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात, म्हणून किंचित पीळ दिला की एकच खिळी प्रथम घट्ट धरते, ती उचलून बसवावी, मग दुसरी शोधावी.

कायद्याने या विद्येस गुन्हा मानलेले नाही. 1860 च्या दंडसंहितेने घरफोडीच्या सहा प्रकारांत कुलूप उघडणे गणले खरे, परंतु ते गृह-अतिक्रमणासाठी असेल तरच. आजच्या न्यायसंहितेच्या 330 व्या कलमातही तेच आहे. मात्र रात्री घरफोडीची हत्यारे सबळ कारणावाचून जवळ बाळगणाऱ्यास 1951 च्या पोलीस कायद्याचे 122 वे कलम लागू होते, याचे भान असावे.

ज्याला हौस असेल त्याने जळगावच्या वा धुळ्याच्या बाजारातून एक साधे पितळी कुलूप विकत आणावे, पावती जपावी आणि दिवसाढवळ्या घरी बसून हात बसवावा. घराच्या दाराला लावलेल्या कुलपावर मात्र हा प्रयोग करू नये. खिळ्या झिजतात आणि एखादे दिवशी खरी किल्लीही चालेनाशी होते.