लोहविद्युत् स्फटिकांची प्रक्षेत्ररचना व लेसर प्रकाश

बाह्य विद्युत् क्षेत्र नसतानाही ज्यांत धन व ऋण विद्युत् भारांचे मध्य एकमेकांपासून ढळलेले असतात आणि क्षेत्र लावून या ध्रुवणाची दिशा उलटविता येते, त्या स्फटिकांस लोहविद्युत् स्फटिक म्हणतात. नावातील ‘लोह’ फसवे आहे. ते लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून आले. ध्रुवणाची दिशा एकच असलेल्या भागास प्रक्षेत्र म्हणतात. जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० मध्ये रोशेल लवणात हा गुणधर्म दाखवून दिला.

दृश्य प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र सेकंदाला सु. ५ लक्ष अब्ज वेळा आंदोलित होते. स्फटिकातील जड आयनांना त्यामागे जाता येत नाही. म्हणून प्रकाशाकडून प्रक्षेत्रात होणारा बदल बहुधा विद्युत् भारांच्या किंवा उष्णतेच्या मध्यस्थीने होतो. हे कळले ते मात्र एका अडचणीतून. १९६६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन व त्यांच्या सहकाऱ्यांना लिथियम नायोबेटातून जाणारी लेसर शलाका विस्कटत असल्याचे आढळले. शलाकेच्या मार्गातील प्रणमनांक बदलत होता. स्फटिक तापविल्यास हा दोष नाहीसा होई, तरीही त्याला ‘प्रकाशीय इजा’ हेच नाव पडले. प्रकाशाने मुक्त झालेले इलेक्ट्रॉन अंधाऱ्या भागात जाऊन अडकतात व तेथे निर्माण होणाऱ्या क्षेत्रामुळे प्रणमनांक बदलतो, असे स्पष्टीकरण एफ. एस. चेन यांनी दिले. इलेक्ट्रॉन पुरविणारी प्रमुख अशुद्धी लोहाची निघाली, हा योगायोग गमतीचा आहे. या इजेचाच उपयोग करून १९६८ मध्ये होलोग्राम साठविले गेले.

येथवर प्रक्षेत्रे मात्र जागची हलली नव्हती. अँटिमनी सल्फोआयोडाइडासारख्या प्रकाशसंवाही स्फटिकांत प्रकाशाने प्रक्षेत्ररचना बदलते, हे रशियात व्ही. एम. फ्रिडकिन व इतरांनी अभ्यासिले. लिथियम नायोबेट अधिक हट्टी आहे. सामान्य तापमानास त्याचे ध्रुवण उलटविण्यास १ मिमी. जाडीला सु. २१,००० व्होल्ट लागतात. जंबुपार प्रकाश पाडल्यास हे काम कमी क्षेत्रात होते, असे २००३ मध्ये बॉन विद्यापीठात आढळले. २००५ मध्ये साउदॅम्प्टन येथे जंबुपार लेसर स्पंदांनी, बाह्य क्षेत्राशिवाय, पृष्ठभागावर प्रक्षेत्रे उमटविण्यात आली.

या खटाटोपाचे कारण जुने आहे. आळीपाळीने उलट दिशांची प्रक्षेत्रे रचल्यास लेसरची कंप्रता दुप्पट करण्याची क्रिया कार्यक्षम होते, ही कल्पना ब्लूमबर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्येच मांडली होती. विद्युत् अग्रांनी अशी रचना करता येते, परंतु ती पृष्ठभागावरील आकृतीनुसार, जाडीतून आरपार. स्फटिकाच्या अंतर्भागात हव्या त्या ठिकाणी अग्र नेता येत नाही. प्रकाश मात्र तेथे केंद्रित करता येतो. २०२२ मध्ये चीनमधील नानजिंग येथील संशोधकांनी अतिलघू अवरक्त लेसर स्पंदांनी हे साधले. केंद्रबिंदूजवळ तापमानात तीव्र उतार निर्माण होतो व त्यातून उद्‌भवणारे क्षेत्र प्रक्षेत्र उलटविते. केंद्रबिंदू एका दिशेने सरकविल्यास प्रक्षेत्र लिहिले जाते, उलट दिशेने सरकविल्यास पुसले जाते. अशा रीतीने सु. ३० नॅनोमीटर रुंदीपर्यंतची रचना त्यांना करता आली.