शिडी नव्हे, फांद्या

'मराठी कादंबरीची उत्क्रांती' हे शब्द फळ्यावर लिहून त्याखाली वर चढणारा बाण काढण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे केले आहे. हा बाण डार्विनचा, असा आमचा (आणि बहुधा विद्यार्थ्यांचाही) समज होता.

१८५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये आकृती एकच आहे. ती फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची आहे आणि त्यांतल्या कितीतरी रेषा मध्येच खुंटतात. 'इव्होल्यूशन' हे नाम पहिल्या आवृत्तीत नाहीच. 'लायक तोच टिकेल' हे सूत्र हर्बर्ट स्पेन्सरचे, १८६४ चे. डार्विनने ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारले. मराठीत तर 'उत्' हा उपसर्गच वर नेणारा. शिडी आपल्या शब्दातच बसली आहे.

घोड्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८७६ साली हक्स्ले अमेरिकेत गेला असता येल येथे मार्शने जमविलेले अश्वजीवाश्म पाहून चकित झाला. अनेक बोटांचा लहानखुरा प्राणी, मग तीन बोटांचा, शेवटी एक खूर, अशी सरळ रांग पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. नंतरच्या जीवाश्मांनी ती मोडली. उत्तर अमेरिकेत एकाच काळी अश्वकुळाच्या अनेक प्रजाती नांदत होत्या. काहींचा आकार वाढण्याऐवजी घटलाही. आज उरली ती एकच प्रजाती, जिच्यात घोडा, गाढव, झेब्रा येतात. बाकीच्या फांद्या वठल्या म्हणून उरलेली फांदी आपल्याला शिडीसारखी दिसते. स्टीफन जे गूल्डने यातली गंमत नेमकी हेरली होती: वटवाघळांच्या भरगच्च कुळाची अशी शिडी कोणी काढत नाही, ती काढताच येत नाही.

'माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून कशी?' हा प्रश्नही त्याच शिडीवरचा. चिंपांझी आपला पूर्वज नव्हे, चुलतभाऊ आहे. दोघांचा समान पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा.

साहित्यविचारात ही शिडी फ्रेंच समीक्षक ब्रुनतिएरने १८९० मध्ये वाङ्मयप्रकारांच्या उत्क्रांतीवरील ग्रंथातून उभी केली. प्रकार जन्मतो, प्रौढ होतो, मरतो, असे त्याचे प्रतिपादन. पण हे एका जिवाचे आयुष्य झाले. जातींचा इतिहास असा चालत नाही. आमच्या फळ्यावरचा बाणही याच घराण्यातला.

अभंगाचे मूळ ओवीत शोधतात. तरी अभंग आल्यावर ओवी संपली नाही. ती मुक्तेश्वर-श्रीधरांच्या ग्रंथांत विस्तारली, आणि जात्यावर तर अभंगाची दखलही न घेता बायका ती गातच राहिल्या.