खालच्या पायरीचे मोल

भारतीय हॉकीचा इतिहास आपल्या घरांतून सांगितला जातो तो सुवर्णपदकांच्या भाषेत. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेंब्लीच्या मैदानावर स्वतंत्र भारताने ग्रेट ब्रिटनला ४–० असे नमविले, त्या पथकात मुंबईचे लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस आणि मॅक्सी वाझ ही आपल्या समाजाची माणसे होती. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात मर्विन फर्नांडिस होते. ही नावे घेताना आम्हांला अभिमान वाटतो, आणि वाटावाही. परंतु केवळ शिखरांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. शिखरावरून घसरलेला माणूस पुन्हा कोणत्या वाटेने चढला, हेही इतिहासाने सांगावयास हवे. म्हणून ज्या स्पर्धांची वार्ता वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापली जाते, त्या दुसऱ्या श्रेणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांविषयी आज चार शब्द लिहीत आहोत.

घसरण कशी झाली ते प्रथम पाहू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. गवतावर चेंडू खेळविण्याचे जे कौशल्य आपल्या पिढ्यांनी जोपासले होते, त्याचे मोल नव्या मैदानावर कमी झाले. वेग आणि दमसास यांना महत्त्व आले. १९७८ साली लाहोर येथे सुरू झालेल्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत निवडक बलाढ्य संघांनाच प्रवेश असे. १९९६ मध्ये मद्रासला झालेल्या स्पर्धेनंतर काही वर्षे भारताला त्या पंक्तीत पान मिळाले नाही.

पंक्तीबाहेर राहिलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २००१ साली ‘चॅम्पियन्स चॅलेंज’ नावाची स्पर्धा काढली. सहा संघ खेळावयाचे आणि विजेत्याने वरच्या स्पर्धेत जावयाचे, अशी तिची रीत. आठ वेळा ऑलिंपिक जिंकलेल्या देशाने अशा स्पर्धेत उतरणे अनेकांना कमीपणाचे वाटले असेल. भारत उतरला. डिसेंबर २००१ मध्ये क्वालालंपूर येथे दक्षिण आफ्रिकेला अंतिम सामन्यात २–१ असे हरवून त्याने वरचे दार उघडले. पुढच्याच वर्षी कोलोन येथील चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत भारत चौथा आला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले गौरविला गेला. क्वालालंपूरची पायरी चढली नसती, तर कोलोनचा तो गौरव कोठून आला असता?

स्त्रियांच्या हॉकीची कथा याहून बोलकी आहे. मॉस्को ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची हॉकी प्रथमच समाविष्ट झाली. सहा संघांत भारत चौथा आला. त्या संघात पुण्याची एलायझा नेल्सन होती, सेल्मा डिसिल्वा होती, लॉरेन फर्नांडिस आणि मार्गारेट टोस्कानो होत्या. दोन वर्षांनी, १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत, एलायझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. १९८३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलीने हातात स्टिक घेऊन मैदानात धावावे ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना त्या काळी परकी होती. आपल्या समाजातील घरांनी ती स्वीकारली, हे आपल्या इतिहासातील एक मानाचे पान आहे.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. २०१९ पासून जगातील अग्रगण्य संघ ‘प्रो लीग’ ही साखळी स्पर्धा खेळतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी अंग काढून घेतल्यामुळे २०२१–२२ च्या हंगामात भारतीय स्त्रियांना तीत स्थान मिळाले. त्यांनी पहिल्याच खेपेस तिसरा क्रमांक पटकावला. पण पाहुण्याला घराचा हक्क मिळत नाही. तो कमवावा लागला ‘नेशन्स कप’ या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत. डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे आठ राष्ट्रे जमली. जागा एकच होती. सविता पुनियाच्या नेतृत्वाखाली भारताने चिलीला ३–१, जपानला २–१ आणि दक्षिण आफ्रिकेला २–० असे हरविले. आयर्लंडशी उपांत्य सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआउटमध्ये २–१ असा निसटता जय मिळाला. अंतिम सामन्यात यजमान स्पेनविरुद्ध गुरजित कौरने पेनल्टी कॉर्नरवर केलेला एकमेव गोल निर्णायक ठरला. २०२३–२४ च्या प्रो लीगमधील जागा भारताने अशी स्वकष्टाने मिळविली.

त्या विजयाचा आमच्या भागाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हां माधवनगरकरांची पुण्याला जाणारी रेल्वे सातारा जिल्ह्यातून जाते. त्या वाटेवरच्या लोणंदच्या पूर्वेस फलटण तालुका आहे. तेथील आसू गावच्या शेतकरी घरातील वैष्णवी फाळके २०२३–२४ च्या त्या प्रो लीगमध्ये भारताकडून खेळली. व्हॅलेन्सियात इतर मुलींनी उघडलेल्या दारातून ती आत गेली. तिच्या आधी त्याच तालुक्यातील अक्षता ढेकळे २०२२ साली भारतीय संघात आली होती. मागाहून सातारा जिल्ह्याचीच ऋतुजा पिसाळ आली. ऑलिंपिकच्या कथा ऐकत वाढण्याचे भाग्य ह्या मुलींना लाभले नव्हते. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतील शिस्त, घरच्यांचा विश्वास आणि स्वतःचे कष्ट एवढीच त्यांची शिदोरी.

ही कथा येथे गोड शेवट होऊन संपत नाही. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या २०२४–२५ हंगामाअखेर भारतीय स्त्रियांचा संघ तळाला राहिला आणि नियमानुसार त्याची पुन्हा नेशन्स कपमध्ये रवानगी झाली. तीन वर्षांत चढलेली पायरी एका हंगामात उतरावी लागली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, हांगझोऊ येथील आशिया चषकात त्याच संघाने रौप्यपदक मिळविले. त्यात ऋतुजाही होती. खाली येणे आणि संपणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून ताजा दाखला कोणता?

मेजवानीत शेवटच्या जागी जाऊन बसणाऱ्या पाहुण्याचा प्रभूने दिलेला दृष्टान्त आपण मिस्सेत वारंवार ऐकतो. परंतु मुलगी दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली, मुलगा शाळेच्या ‘ब’ संघात निवडला गेला, की आपलेच चेहरे पडतात. खालच्या पायरीवर उभे राहण्याची लाज मुले स्वतः शिकत नाहीत. ती आपण त्यांना शिकवितो. मग तीच मुले खेळ सोडून देतात, आणि आपण मागे वळून पूर्वजांची पदके मोजत बसतो.

आपल्या समाजाने एकेकाळी देशाला हॉकीपटू दिले, याचे कारण वेंब्लीत सापडणार नाही. शाळांच्या आणि धर्मग्रामांच्या मैदानांवर, ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशा शेकडो मुलामुलींनी सायंकाळी खेळलेल्या सामन्यांत ते सापडेल. ती सर्वांत खालची पायरी होती आणि तिच्यावरच सारा जिना उभा होता. आज तो जिना आसूसारख्या गावांतून नव्याने बांधला जात आहे, याचा आनंद मानावा. आणि आपल्या अंगणातील पहिली पायरी शाबूत आहे की तेथे आता मोटारी उभ्या राहतात, हे प्रत्येक धर्मग्रामाने एकदा डोळे उघडून पाहावे, एवढीच आमची विनंती.